भूल किती खोल?

अम्मीच्या हृदयातली महाधमनीची झडप अरुंद झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, छाती उघडायची नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन नवी झडप बसवू. अम्मीने एकच विचारले, "मला पूर्ण झोपवणार का?" म्हाताऱ्या माणसाला शस्त्रक्रियेपेक्षा भुलीचीच धास्ती जास्त. त्या प्रश्नामागचा इतिहास मी नंतर वाचला.

१६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी माणसाच्या हृदयात अशी झडप प्रथमच बसवली. रुग्ण ५७ वर्षांचा, पण इतका खंगलेला, की शल्यविशारदांनी नकार दिला होता. त्याला पूर्ण भूल दिलीच नाही. जागा बधिर केली आणि थोडी गुंगी दिली.

पुढे मात्र उलट झाले. नळ्या जाड होत्या, अन्ननलिकेतून यंत्र घालून झडप पाहावी लागे, रुग्ण निश्चल हवा असे. म्हणून अनेक ठिकाणी पूर्ण भूल रूढ झाली. नळ्या बारीक झाल्या, हात सरावले, तसे डॉक्टर पुन्हा गुंगीकडे वळले.

२०१७ मध्ये अमेरिकेतील सुमारे ११,००० रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. गुंगीवर काम झालेल्यांत मृत्यू कमी दिसले. पण इथे एक मेख आहे. कुणाला काय द्यायचे, हे डॉक्टरांनीच निवडले होते. बरी तब्येत असलेल्यांना गुंगी मिळाली असेल, तर श्रेय कुणाचे? आकडेमोडीने हा फरक पुरता पुसता येत नाही.

जर्मनीत मग ४४७ रुग्णांची जणू चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली. २०२० साली निकाल आला. मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, जंतुसंसर्ग आणि मूत्रपिंडाची इजा यांचे तीस दिवसांतले एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले. रक्तदाब सांभाळणारी औषधे मात्र पूर्ण भुलीत जवळपास सर्वांना लागली, गुंगीत तिघांपैकी साधारण दोघांना.

म्हणजे रुग्ण पाहून ठरवावे. ज्याला स्थिर पडून राहता येत नाही, त्याला पूर्ण भूलच बरी. अम्मी शांत पडून राहू शकत होती, म्हणून तिला गुंगी दिली. ती घरी आली. "गुंगीनेच वाचली," असे मी वर्षभर सांगत फिरलो. मराठीत भूल म्हणजे चूकही. ती माझी होती.