पहाटेची शाळा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी नाशिकला भाचीकडे चार दिवस राहून आले, तेव्हापासून एक विषय डोक्यात घोळतोय.

भाचीने मोठ्या मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलंय. तो सात वर्षांचा, पाठची चार वर्षांची, आणि एक तान्हं. जावयांची नोकरी फिरतीची, आणि ही स्वतः घरून हिशेबाची कामं करते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं. नऊला गणित, सव्वानऊला वाचन, साडेनऊला निसर्गाची वही... अकराच्या सुमारास मी आत डोकावले तर बाळ रडतंय, कुकर शिट्ट्या मारतोय, धाकटीने निसर्गाच्या वहीवर रंग सांडलाय आणि भाची ओट्याला टेकून डोळे पुसतेय. "मावशी, मला नाही गं जमत."

छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईच्या तोंडावर काय आलं असेल ते सांगायला नको. पण गिळलं. विचारलं एवढंच, हे वेळापत्रक आणलंस कुठून? म्हणाली, शार्लट मेसन नावाच्या इंग्लिश बाईंची पद्धत आहे.

मग काय, इतिहासाच्या मास्तरणीला निमित्तच मिळालं. घरी आल्यावर वाचत बसले.

मेसनबाई (१८४२ ते १९२३) पेशाने शिक्षिका. त्यांचं 'होम एज्युकेशन' हे पुस्तक १८८६ सालचं. सहा वर्षांपर्यंत मुलाला रीतसर धडे नकोत, लहान मुलांचा धडा वीस मिनिटांच्या वर नको, एकदा वाचून दाखवावं आणि मुलाने ते आपल्या शब्दांत सांगावं, बाकी वेळ मोकळ्या हवेत. मला हे सगळं मनापासून पटलं. वर्गात साठ मुलं असताना आम्हाला हे कुठलं जमायला! १८९१ पासून त्यांची संस्था घरी शिकणाऱ्या मुलांसाठी अभ्यासक्रम टपालाने पाठवू लागली.

आणि इथेच मला खटका दिसला. १८९२ साली मेसनबाईंनी अँबलसाइड या गावी एक शिक्षणगृह काढलं. तिथे तरुण मुलींना कशाचं शिक्षण मिळे? घरोघरी राहून मुलांना शिकवणाऱ्या गव्हर्नेसचं! म्हणजे टपाल ज्या घरांत जाई, त्यांतल्या पुष्कळ घरांत शिकवायला गव्हर्नेस असे. पोळ्या लाटायला, बाळाला घ्यायला, कपडे धुवायला निराळी माणसं. आमच्या भाचीने पद्धत उचलली, पण तिच्यामागचं मनुष्यबळ काही टपालाने आलं नाही. स्वतः मेसनबाई अविवाहित होत्या, हेही जाता जाता सांगते. (यात त्यांचा दोष नाही, पण त्यांचं वेळापत्रक भिंतीवर लावताना लक्षात ठेवलेलं बरं.)

मग मला आठवल्या लक्ष्मीबाई डोंगरे. पंडिता रमाबाईंच्या आई.

त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आणि अनंतशास्त्री चाळिशी ओलांडलेले. बायकोला संस्कृत शिकवतो म्हणून शास्त्रीबुवांना विरोध झाला, पण त्यांनी हट्ट सोडला नाही. सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड थाटलं. तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. पुढे पैसा संपला आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात पुराण वाचायचं, श्रोते देतील त्यावर गुजराण करायची.

थोरल्या मुलांना वडिलांनी शिकवलं होतं. रमाबाईंची पाळी आली तोवर ते थकले होते, तेव्हा शिकवणं आईकडे आलं. दिवसभर घरकामाचा रगाडा, मग वेळ कुठला? पहाटेचा. १८८७ साली रमाबाईंचं 'द हाय कास्ट हिंदू वुमन' प्रसिद्ध झालं. आपल्या आनंदीबाई जोशी ज्या वैद्यकीय कॉलेजात शिकल्या, तिथल्या डीन रेचेल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्यात हे सविस्तर आहे. झोपाळलेल्या लेकीला आई लाडीगोडीने उठवी आणि पाखरं किलबिलू लागलेली असताना धडा म्हणून घेई. पुस्तक नाही, आईच्या तोंडचं ऐकायचं आणि म्हणायचं. बॉडलीबाईंनी हे दृश्य रानात घातलंय. रमाबाईंच्या १९०७ सालच्या आत्मनिवेदनाप्रमाणे मात्र त्या सहा महिन्यांच्या असतानाच रान सुटलं होतं, आणि आईने त्यांना साधारण आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत शिकवलं. म्हणजे ही शाळा रानातली कमी आणि वाटेवरची जास्त असावी.

मला त्यात दिसते ती लक्ष्मीबाईंची अक्कल. वाटेवर पुस्तकांची ओझी कशाला, म्हणून तोंडी. दिवस आपला नाही, म्हणून पहाट. आणि विषय कोणता? जो घराचा धंदा होता तोच! आईवडील पुराण वाचत, मुलीच्या कानावर तेच पडे, तेच ती पाठ करी. बाराव्या वर्षी तिला भागवताचे अठरा हजार श्लोक येत होते म्हणतात. आपण पुढे स्वतःच्या बळावर शिकू शकलो ते आईने मनाला तसं वळण लावलं म्हणून, असं रमाबाईंनी लिहून ठेवलंय. १८८७ चं ते पुस्तक आईच्याच स्मृतीला अर्पण केलेलं आहे.

हे सगळं फोनवर भाचीला सांगितलं तर ती एकदम उत्साहात, "मग मी चारला उठत जाईन!"

मी घाबरलेच. म्हटलं, बाई गं, ती पहाट लक्ष्मीबाईंच्या झोपेतून कापलेली होती. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात उपासमारीने आधी अनंतशास्त्री गेले, थोड्याच दिवसांत त्याही गेल्या. किती दमल्या असतील हे त्यांना कोणी विचारलं का? तू रात्री दोनदा बाळासाठी उठतेस, तुला चारला उठायचं नाहीये.

खरं सांगायचं तर हे बोलताना मला माझीच मुलगी आठवत होती. मी लोकांच्या मुलांच्या वह्या तपासत बसायची आणि ती उंबऱ्यावर बसून एकटीच पाढे म्हणायची. तेव्हा मी तिचा एखादा पाढा कणीक मळता मळता ऐकू शकले असते. सुचलंच नाही. शिकवणं म्हणजे टेबल-खुर्ची, असं डोक्यात पक्कं.

असो. भिंतीवरचं वेळापत्रक आता उतरलंय. गणित आणि वाचन एवढंच ती समोर बसून घेते, बाळाची सकाळची झोप लागली की वीस-वीस मिनिटं. बाळ उठलं तर त्या दिवशी एकच. घरात हिशेबाचंच काम, तेव्हा मुलगा वाण्याची आणि दुधाची बिलं जोडतो, चुकाही काढतो. जावई असतील त्या रविवारी गोदाकाठी फिरणं, पाखरं बघणं. आणि वाचलेलं आपल्या शब्दांत सांगणं? ते माझ्याकडे! रोज रात्री साडेआठला फोन येतो, तेवढ्यात ती धाकट्या दोघांना झोपवते.

परवा त्याला लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगितली होती. काल त्याने ती मला परत सांगितली, बरीचशी नीट. मग थांबून म्हणाला, "आजी, पण त्यांच्या आईला झोप यायची तेव्हा तिला कोण उठवायचं?"

मी म्हटलं, उद्या सांगते.