हजेरीपटाचे जाहीर वाचन

शासकीय नोकरीत ज्यांची काही वर्षे गेली आहेत त्यांना 'उपयोगिता प्रमाणपत्र' म्हणजे काय हे सांगावयास नको. निधी मिळाला, तो ज्या कामासाठी मिळाला त्याच कामावर खर्च झाला, असे संबंधित अधिकाऱ्याने सहीशिक्क्यानिशी लिहून दिले की वरच्या कार्यालयाचे समाधान होते आणि पुढचा हप्ता सुटतो. माझ्याही हाताखालून अशी प्रमाणपत्रे शेकड्यांनी गेली. त्यांतील बेरजा तपासल्या, तारखा तपासल्या, सह्या तपासल्या. ज्या मजुराच्या नावे पैसा खर्ची पडला तो मजूर मात्र कधी समोर आला नाही. त्याला समोर आणण्याची पद्धतच नव्हती. ती पद्धत राजस्थानातील काही खेड्यांनी 1994 मध्ये घालून दिली. त्यातून पुढे माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला हे अनेकांना ठाऊक असते. पण ती पद्धत नेमकी काय होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

मध्य राजस्थानात राजसमंद, पाली, अजमेर आणि भीलवाडा हे जिल्हे जेथे तेव्हा एकमेकांना भिडत तो अरवलीच्या टेकड्यांचा भाग कोरडा आहे. जमीन थोडी आणि खडकाळ, पाऊस बेभरवशाचा. घरातील पुरुष गुजरातेतील शहरांत कामाला जाणार आणि मागे राहिलेल्या बायका दुष्काळी कामांवर माती उपसणार, ही तेथील रीत. 1987 मध्ये या भागातील देवडूंगरी गावी अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे तिघे मातीच्या साध्या घरात राहावयास आले. अरुणा रॉय 1968 मध्ये भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या होत्या आणि 1975 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडल्या होत्या. शंकर सिंह त्याच भागातले, लोकांच्या बोलीत नाटके करणारे, गोष्टी रंगवून सांगणारे. 1 मे 1990 रोजी भीम या गावी 'मजदूर किसान शक्ती संघटन' स्थापन झाले.

प्रारंभीचा प्रश्न अगदी साधा होता. 1990 च्या दशकाच्या आरंभी राजस्थानात किमान मजुरी रोजी 22 रुपये होती आणि सरकारी कामावर राबणाऱ्यांच्या हाती त्याहून बरेच कमी पडत असे. वास्तविक दुष्काळी कामांवरही किमान मजुरी दिलीच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये 'संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य' या खटल्यात दिलेला होता, आणि तो खटलाही अजमेर जिल्ह्यातील एका रस्त्याच्या कामावरूनच उद्भवलेला होता. निकाल ग्रंथालयात राहिला, मजुरी होती तेथेच राहिली. संघटनेने धरणी धरली, उपोषणे केली. दर वेळी उत्तर एकच मिळे : तुम्ही काम पूर्ण केलेच नाही, मोजमाप पुस्तिकेत तशी नोंद आहे. मग ती पुस्तिका दाखवा, असे म्हटले की ते सरकारी दप्तर आहे, दाखवता येणार नाही. मागे 1923 चा शासकीय गुपिते कायदा उभाच होता. शत्रूच्या हेरांसाठी केलेला कायदा खेड्यातील तलावाच्या गाळाचे माप लपवण्यासाठीही उपयोगी पडतो, ही गुप्ततेच्या संस्कृतीची खरी ताकद.

येथे लढ्याला वळण लागले. मजुरीचे भांडण हे मुळात कागदाचे भांडण आहे हे मजुरांच्या ध्यानात आले. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला माहितीची विषमता म्हणतात. त्या विषयावरील कामासाठी 2001 चे नोबेल पारितोषिक तिघा अर्थतज्ज्ञांना मिळाले. भीमच्या बायका तो धडा त्याआधी सात-आठ वर्षे कामावरच शिकल्या होत्या.

2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी भरली. तत्पूर्वी काही प्रयत्नांनी पंचायतीच्या कामांचे हजेरीपट आणि बिले पाहावयास मिळाली होती. रोजगार हमीच्या कामावर ज्याला आपण नुसते 'मस्टर' म्हणतो तोच हा हजेरीपट. कार्यकर्त्यांनी त्यातील नोंदी माणसागणिक वेगळ्या काढल्या आणि घरोघर जाऊन वाचून दाखवल्या : तुमच्या नावावर इतके दिवस, इतके रुपये; बरोबर आहे का? त्यानंतर मोकळ्या जागेत मांडव घातला, ध्वनिक्षेपक लावला, बाहेरून काही जाणती माणसे ऐकण्यास बोलावली, सरकारी अधिकाऱ्यांनाही निमंत्रण दिले. मग एकेक नाव मोठ्याने वाचले गेले. ज्याचे नाव, त्याने उठून बोलावयाचे. कोणी म्हणे, मी या कामावर गेलोच नाही. कोणी म्हणे, अंगठा माझा नाही. त्या महिन्यापासून पुढच्या एप्रिलपर्यंत भीम, विजयपुरा, जवाजा आणि थाना येथेही अशा सुनावण्या झाल्या. कधी मृत माणसांची नावे हजेरीत निघाली, कधी केव्हाच परगावी गेलेल्यांची. कागदावर पुरे झालेले बांधकाम गावात अर्धवट उभे होते आणि ते सर्वांना रोज दिसत होते. पूर्ण झाल्याचे बिल निघाले आहे एवढेच कोणाला माहीत नव्हते.

लेखापरीक्षण आणि जनसुनावणी यांतला भेद मला येथे दिसतो. लेखापरीक्षक एक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहतो. बिल प्रमाणकाशी जुळले, प्रमाणक रोकडवहीशी जुळले, की त्याचे काम संपले. आणि चोरी करणारा माणूस बेरजा चुकवत नाही. जनसुनावणीत कागद माणसाशी ताडला जातो. माणसाजवळ आठवण असते, पण पुरावा नसतो. कागद पुरावा असतो, पण त्याला स्वतःला काहीच आठवत नाही. दोघांना एका मांडवात समोरासमोर आणले की खरेखोटे करण्यास तज्ज्ञ लागत नाही.

हे लिहिणे सोपे आहे. साक्ष देणाऱ्या बाईला त्याच संध्याकाळी त्याच सरपंचाच्या गल्लीतून पाणी आणावयाचे असते, पुढच्या दुष्काळात त्याच्याकडेच काम मागावयाचे असते. एकटी बाई बोलू शकत नाही. शेजारच्या गावी आपल्यासारखीच दुसरी बोलली आणि तिचे काही वाईट झाले नाही, हे कळले तर बोलते. ती हकीकत एका गावातून दुसऱ्या गावात पोहोचवणे हे संघटनेचे निम्मे काम होते. त्यासाठी कठपुतळ्या होत्या, गाणी होती, बाजाराच्या दिवशी चौकात होणारी नाटके होती. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा तिकडचीच. तिच्यामागचा विचार सुशीला नावाच्या एका कार्यकर्तीने दिल्लीत पत्रकारांसमोर मांडल्याचे सांगतात : मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवले तर तो परतल्यावर मी हिशेब विचारते, सरकार माझ्या नावाने लाखो खर्च करते, त्याचा हिशेब मी का विचारू नये?

प्रशासनाची प्रतिक्रिया आपल्या जातीला साजेशीच झाली. बाहेरच्यांना दप्तर दाखवणार नाही म्हणून ग्रामसेवकांनी संप केला. 5 एप्रिल 1995 रोजी मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी पंचायतीच्या विकासकामांच्या कागदपत्रांच्या प्रती लोकांना मिळतील असे विधानसभेत जाहीर केले. वर्ष उलटले तरी आदेश निघेना. म्हणून 6 एप्रिल 1996 रोजी ब्यावर शहरातील चांग गेटपाशी धरणे सुरू झाले. तेव्हा निघालेल्या आदेशात कागद पाहण्याची आणि टिपून घेण्याची मुभा होती, झेरॉक्स प्रत देण्याची नव्हती. लिहिता न येणाऱ्याने टिपून काय घ्यावे, आणि हाताने लिहिलेले टिपण पुरावा म्हणून कोण मानणार? धरणे 40 दिवस चालले. खेड्यांनी धान्य दिले, माणसे पाळीपाळीने आली, ब्यावरच्या भाजीवाल्यांनी आणि दुकानदारांनी आपापला वाटा उचलला. 'जनसत्ता'चे संपादक प्रभाष जोशी तेथे गेले आणि त्यांनी त्याविषयी लिहिले.

पुढच्या वर्षी जयपुरात 53 दिवसांचे धरणे झाले. ते संपताना सरकारने सांगितले की प्रती देण्याची अधिसूचना सहा महिन्यांपूर्वीच, डिसेंबर 1996 मध्ये, राजपत्रात प्रसिद्ध झालेली आहे! लोक रस्त्यावर बसून ज्या हक्काची मागणी करीत होते तो हक्क त्यांना अगोदरच मिळालेला होता आणि तेवढीच गोष्ट कोणी त्यांना सांगितली नव्हती. आपल्या कार्यपद्धतीवर याहून बोलके भाष्य मला आढळलेले नाही.

या सेवेतील माणसे सारीच दुसऱ्या बाजूला होती असे नाही, हेही नमूद केले पाहिजे. ऑक्टोबर 1995 मध्ये मसुरीच्या लालबहादूर शास्त्री राष्ट्रीय प्रशासन अकादमीत या विषयावर अधिकारी आणि कार्यकर्ते एकत्र बसले. 1996 मध्ये पत्रकार, वकील, निवृत्त अधिकारी आणि कार्यकर्ते यांची राष्ट्रीय मोहीम उभी राहिली. न्यायमूर्ती पी. बी. सावंत तेव्हा भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष होते. त्या परिषदेने कायद्याचा मसुदा तयार केला. तामिळनाडू आणि गोवा यांनी 1997 मध्ये, राजस्थानने 2000 मध्ये आणि महाराष्ट्राने अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर 2002 मध्ये आपापले कायदे केले. केंद्राचा 2002 चा कायदा कधी अमलातच आला नाही. अखेर माहितीचा अधिकार कायदा संसदेने मे 2005 मध्ये संमत केला आणि तो 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या कलम 17 मध्ये ग्रामसभेने करावयाच्या सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आली. कोट किरान्याचा मांडव अकरा वर्षांनी कायद्यात उतरला.

कायदा झाला म्हणून कागद आपोआप बाहेर येत नाहीत. राजसमंद जिल्ह्यातील जनावद पंचायतीची कागदपत्रे राज्याचा कायदा असतानाही सहजासहजी मिळाली नाहीत. एप्रिल 2001 मध्ये तेथे सुनावणी झाली आणि त्यानंतरच्या सरकारी चौकशीत सुमारे 70 लाख रुपयांचा अपहार निघाला. एका पंचायतीचा हा आकडा. दुसरीकडे काही गावांत सरपंचांनी सर्वांसमक्ष चूक मान्य करून पैसे परत केले. शिक्षेच्या भीतीपेक्षा शेजाऱ्यांची नजर काही वेळा अधिक काम करते.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(जे) मध्ये बदल केला आणि तो नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खाजगीपणावर अकारण आक्रमण होते, हे पाहावे लागे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द उरले आहेत. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची मुभा कलम 8(2) मध्ये कायम आहे. पण मुभा आणि कर्तव्य यांतले अंतर किती असते हे आम्हा नोकरशहांइतके कोणाला ठाऊक? खाजगीपणाचा हक्क मोलाचा आहे, त्याविषयी माझा वाद नाही. परंतु हजेरीपट म्हणजे दुसरे काय असते? नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, दिवस, रक्कम आणि अंगठा. नावे झाकून दिलेला हजेरीपट मांडवात वाचून दाखवला तर उठून उभे कोणी राहावे?

उद्या एखाद्या तरुण माहिती अधिकाऱ्याच्या टेबलावर असा अर्ज येईल आणि नकार लिहिणे त्याला सुरक्षित वाटेल. त्याने सही करण्यापूर्वी एकदा ब्यावरच्या चांग गेटपाशी 40 दिवस बसलेल्या बायकांची आठवण करावी. त्यांनी कोणाचे गुपित मागितले नव्हते. आपल्याच नावापुढे काय लिहिले आहे, तेवढे त्यांना वाचून हवे होते.