एका मागणीपत्रकाची कुळकथा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन पत्रके मिळतात. एक नव्या पुस्तकाच्या खरेदीची शिफारस करण्याचे, दुसरे परगावच्या ग्रंथालयातून पुस्तक मागवण्याचे. ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष या वरच्या ओळी दोन्हीकडे तंतोतंत सारख्या असतात. खाली मात्र वाटा फुटतात. खरेदीच्या पत्रकावर किंमत, प्रती किती, रक्कम कोणत्या निधीतून द्यायची आणि विभागप्रमुखांची सही. दुसऱ्यावर पुस्तक कोणाकडे आहे, किती दिवसांसाठी हवे, टपालखर्च कोण देणार आणि हरवल्यास भरपाईची हमी. पहिले जाते खरेदी विभागात, दुसरे देवघेव विभागात. या टेबलावरच्या मागणीची त्या टेबलाला खबर नसते. वाचकाचे मागणे एकच असते, पण कागद कोणता भरायचा हे त्यालाच ओळखावे लागते. ही दोन पत्रके वेगळी का झाली आणि पुन्हा जवळ कशी येत गेली, त्याची ही कुळकथा. तिच्यातली काही महत्त्वाची पाने हैदराबादेत लिहिली गेली.

खरेदीची वही ग्रंथालयाइतकीच जुनी. उसनवारीला नियमाचे रूप फार उशिरा आले. अमेरिकेतल्या वूस्टर गावचे ग्रंथपाल सॅम्युएल स्वेट ग्रीन यांनी 1876 मध्ये ‘लायब्ररी जर्नल’ला पत्र लिहून ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तके द्यावीत असे सुचवले. पुढे 1917 मध्ये तिथल्या ग्रंथालय संघटनेने त्याची नियमावली केली. तिचा रोख असा की नेहमीच्या वाचनाची पुस्तके ज्याने त्याने विकत घ्यावीत आणि उसनवारी दुर्मीळ, अभ्यासाच्या ग्रंथांपुरती ठेवावी. त्या काळी हे रास्तच होते. पण त्यामुळे खरेदी हे रोजचे काम ठरले आणि उसनवारी अपवाद ठरली.

आपल्याकडे ही फूट आणखी रुंदावली, ती हिशेबाच्या धाकाने. खरेदीचा पैसा आर्थिक वर्षाला बांधलेला. मार्च संपायच्या आत अनुदान खर्ची पडले पाहिजे म्हणून याद्या घाईने मंजूर होतात. विदेशी पुस्तकांचा विनिमय दर ठरलेल्या पत्रकाप्रमाणे लावायचा, बिलाची तीन प्रतींत पडताळणी करायची, दाखलनोंद वहीत अंक टाकायचा. एकदा अंक पडला की पुस्तक मालमत्ता झाले आणि त्याची जबाबदारी ग्रंथपालाच्या शिरावर आली. केंद्र सरकारचे वित्तीय नियम वाचायला दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे वर्षाला पाच ग्रंथांची हानी वाजवी मानतात. तरीही साठा-पडताळणीच्या वेळी आपल्यालाच जाब द्यावा लागेल ही भीती मुरलेली असते. अशी भीती असलेला माणूस पुस्तक परगावी पाठवताना दहा वेळा विचार करणारच. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हा पहिला नियम मांडला, तो याच कुलूपबंद वृत्तीला उत्तर म्हणून.

हैदराबादच्या वाट्याला आणखी एक अडचण होती. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार देशात छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांकडे जाते. हैदराबाद त्या चौकडीत नाही. अफजलगंजचे आसफिया ग्रंथालय 1891 चे, उस्मानिया विद्यापीठ 1918 चे, कोठी भागातले मराठी ग्रंथसंग्रहालय 1922 चे. शहराची वाचनपरंपरा अशी भरभक्कम, पण आपोआप येणारी प्रत नाही. मराठी पुस्तक इथे हवे असेल तर विकत आणावे लागते किंवा कोणाकडून तरी मागावे लागते. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. औरंगाबाद-परभणीचे वाचक आणि हैदराबादची ग्रंथालये एकाच राज्यातली होती. राज्य फुटले तेव्हा पुस्तकांचाही प्रांत बदलला.

अशा अडचणींवर शहरात एक नवी रीत रुजली. एकाच ठिकाणी कसून खरेदी करायची आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवायची. 1964 मध्ये उस्मानियाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर उभे राहिले. अमेरिकी साहित्य, इतिहास आणि राज्यशास्त्राची पुस्तके प्रत्येक भारतीय विद्यापीठाने विकत घेणे शक्यच नव्हते. ती इथे एकत्र जमवली गेली आणि देशभरातले प्राध्यापक, संशोधक अभ्यासवृत्तीवर येऊन, मुक्काम करून ती वाचू लागले. 1972 मध्ये शहराजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आली. तिच्या ग्रंथालयाने पुढे ज्वारी आणि भरड धान्यांचे माहिती केंद्र चालवले. जगभरातले लेख मिळवून तिथे सूची तयार होई आणि मागणाऱ्या शास्त्रज्ञाला लेखाची छायाप्रत मिळे. कोरडवाहू ज्वारीवर काम करणाऱ्या लहान महाविद्यालयाला त्या सगळ्या नियतकालिकांची वर्गणी भरणे कदापि परवडले नसते. खरेदी एका दाराने आणि वाटप सगळ्या दारांनी, हे तत्त्व हैदराबादने असे दोनदा अमलात आणले.

याच तत्त्वावर आपली मराठी पुस्तकेही सातासमुद्रापार गेली. पीएल-480 कायद्याखाली अमेरिकेने भारताला गहू विकला, त्याचे रुपये इथे साठले. त्यांतून 1962 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तके घेऊन अमेरिकेतल्या निवडक ग्रंथालयांना पाठवली. एकदा तिकडच्या कपाटात बसलेली मराठी कादंबरी पुढे देवघेवीने दुसऱ्या राज्यातल्या अभ्यासकाच्याही हाती पडू शकली.

दोन पत्रके खऱ्या अर्थाने एकाच टेबलावर आली ती 1990 मध्ये, पेन्सिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठात. दुसरीकडून मागवायची म्हणून आलेली काही पुस्तके तिथे थेट विकत घेतली जाऊ लागली. 2000 मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने त्याला शिस्त लावली. पुस्तक अभ्यासाचे असावे, इंग्रजीत असावे, अलीकडच्या पाच वर्षांतले असावे, किंमत ठरलेल्या मर्यादेत असावी आणि आठवड्याभरात हाती येणारे असावे. या अटींत बसले तर उसने न मागता विकत घ्यायचे, नाहीतर मागवायचे. यामागे हिशेब होता. अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या 1998 सालच्या अभ्यासात एक मागणी पुरी करायला मागणाऱ्या ग्रंथालयाला सरासरी 18.35 डॉलर आणि देणाऱ्याला 9.48 डॉलर खर्च येतो असे दिसले. दोन्ही मिळून जवळपास 28 डॉलर. एवढ्यात कित्येक पुस्तके विकतच मिळत. दुसरीकडे, पिट्सबर्ग विद्यापीठाच्या 1979 च्या पाहणीत 1969 साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे 40 टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही कोणी नेली नव्हती. तज्ज्ञांनी निवडलेले पुस्तक पडून राहते आणि वाचकाने मागितलेले परत परत फिरते, हे पर्ड्यूच्या अनुभवानेही दाखवले.

भारतात हे मीलन नियतकालिकांच्या बाबतीत झाले. विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राने यूजीसी-इन्फोनेट या सामायिक वर्गणी योजनेसाठी जे-गेट या लेखसूचीवर आधारित सोय उभी केली. कोणत्या विद्यापीठात कोणत्या नियतकालिकाची वर्गणी भरली जाते, ती खरेदीची नोंदच शोधाच्या पडद्यावर आणली. आपल्याकडे लेख नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला तिथूनच मागणी जाई. देशातली 22 ग्रंथालये लेख पुरवण्यासाठी नेमली गेली, त्यांत हैदराबाद विद्यापीठ होते. खरेदीची यादी हीच देवघेवीची सूची ठरली. 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ने शासकीय शिक्षणसंस्थांसाठी तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके एकाच वर्गणीत आणली. लेखांचा प्रश्न त्या संस्थांपुरता बराचसा सुटला.

पुस्तकांचा तसाच उरला. शिवाय खासगी महाविद्यालयातला विद्यार्थी आणि सार्वजनिक ग्रंथालयाचा वाचक त्या वर्गणीबाहेरच आहेत. त्यांना आजही ‘आमच्याकडे नाही’ एवढे उत्तर मिळते आणि ती मागणी कुठेच नोंदली जात नाही. माझ्या मते ग्रंथालयाचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. हरवलेले पुस्तक साठा-पडताळणीत सापडत नाही म्हणून कळते तरी, हरवलेली मागणी कोणाला कळतच नाही.

म्हणून हैदराबादच्या ग्रंथालयांनी एकच मागणीपत्रक करावे. वाचकाने फक्त त्या सारख्या ओळी भराव्यात. पुढचा निर्णय कर्मचाऱ्याने ठरलेल्या क्रमाने घ्यावा. आधी आपल्या तालिकेत, मग शहरातल्या इतर ग्रंथालयांत, मग डेलनेटसारख्या ग्रंथालयांच्या जाळ्यात पाहावे. बाजारात मिळते आणि किंमत मर्यादेत आहे तर विकत घ्यावे, छपाई संपली असेल तर मागवावे. वार्षिक अनुदानातला ठरावीक हिस्सा अशा मागण्यांसाठी बाजूला ठेवावा, म्हणजे मार्चची घाई थोडी तरी कमी होईल. एकच पुस्तक दोनदा उसने मागावे लागले तर तिसऱ्यांदा ते खरेदीच्या यादीत जावे. रंगनाथनांचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. कागद निवडण्याचे कष्ट वाचकाच्या डोक्यावरून उतरवून कार्यालयाने घेतले, तर तो नियम पाळायला नवी इमारत लागत नाही की नवे यंत्र. दोन विभागांनी एक नोंद वाटून घेतली की पुरे.