नियम गप्प बसतात तेव्हा

काही वर्षांपूर्वी आमचा दर शनिवारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव रंगायचा. मी डन्जन मास्टर, म्हणजे सूत्रधार आणि पंच दोन्ही. एकदा एका मित्राला पिठाचं पोतं उधळून अदृश्य राक्षस उघडा पाडायचा होता. मी पुस्तक चाळलं आणि म्हणालो, "असा नियम नाही, जमणार नाही." तो हसला, पण पुढच्या शनिवारी आला नाही. त्यानंतरही नाही. दिवसभर स्पेसिफिकेशन वाचणाऱ्या माणसाचं हे असं होतं!

नंतर या खेळाचा इतिहास वाचला आणि माझी चूक किती जुनी आहे ते कळलं.

सुरुवात होते प्रशियात. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने सैन्याच्या प्रशिक्षणासाठी 'क्रीगश्पील' हा युद्धखेळ छापला. नकाशा, फासे, हानीचे तक्ते आणि मध्ये पंच. हळूहळू तक्त्यांचं ओझं वाढलं. १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्न्वा या अधिकाऱ्याने सुचवलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचालाच ठरवू द्या. म्हणजे काटेकोर नियम की माणसाचा विवेक, हे भांडण तेव्हापासूनचं.

पुढे अमेरिकन सैन्यातल्या टॉटनचं 'स्ट्रॅटेगॉस' (१८८०) हे पुस्तक मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्लीच्या हाती लागलं. खेळाडूने काहीही करून बघावं, निकाल पंचाने द्यावा, ही कल्पना त्याने तिथून उचलली आणि १९६९ साली 'ब्राउनस्टाइन' हा खेळ मांडला. त्यात खेळलेल्या डेव्ह आर्नेसनने पुढे 'ब्लॅकमूर'चं काल्पनिक जग उभं केलं. मग गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी मिळून १९७४ मध्ये तीन पुस्तिकांचा डबा काढला. हाच आपला डी अँड डी!

आता गंमत बघा. त्या पुस्तिकांमध्ये नियम इतके त्रोटक की लढाईसाठी 'चेनमेल' हे दुसरंच पुस्तक, आणि रानावनातल्या भटकंतीसाठी दुसऱ्याच कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' खेळाचा पट वापरा म्हणे. वर छपाईच्या चुका. राक्षसांच्या तक्त्यात 'लेअर' (गुहा) ऐवजी 'लायर' (खोटारडा) छापलं गेलं. जॉन एरिक होम्स या डॉक्टरसाहेबांनी त्याचा अर्थ लावला, की राक्षस खोटं बोलण्याची ही टक्केवारी असणार! पुढे १९७७ चा नवशिक्यांसाठीचा संच याच होम्सनी संपादित केला. आमच्याकडे असा बग निघाला असता तर क्लायंटने डोकं खाल्लं असतं.

पण तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी लेखकांनी साधारण असं सुचवलंय की सगळं आम्हालाच काय विचारता, तुमची कल्पना तुम्हीच लढवा. मजा म्हणजे १९७७ ते ७९ दरम्यान 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्ती काढताना याच गायगॅक्सना एकसारखेपणा हवासा वाटू लागला. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. स्पर्धा घ्यायच्या तर प्रत्येक टेबलावर वेगळा कायदा कसा चालेल?

पण आमची काही स्पर्धा नव्हती. पाच मित्र, चहा आणि एक पिठाचं पोतं. तिथे नियम गप्प होता, म्हणजे बोलायची पाळी माझी होती. मी पुस्तकामागे लपलो.

असो. या शनिवारी त्याला फोन करणार आहे. पीठ मीच आणतो म्हणावं.