सुकाणूचा दांडा

पावसाळ्याआधी चाचांची शिडाची होडी किनाऱ्यावर ओढली, तेव्हा सुकाणूचा दांडा माझ्या हातातच आला. वरून तो गुळगुळीत होता, पण बोल्टच्या भोकात पाणी मुरून लाकूड आतून कुजले होते.

नवा दांडा करायला घेतला. सागाच्या जाड फळीवर मी बाक आखून करवत उचलली, तर सुतारांनी हात धरला. "असा कापलात तर वाकाच्या जागी रेषा तुटतात. जोराचा वारा आला की तिथेच मोडेल." मग पातळ पट्ट्या काढल्या, एकमेकींना चिकटवल्या आणि साच्यावर वाकवून शिकंज्यांत आवळल्या. आता प्रत्येक पट्टीची रेष बाकाबरोबर वळत होती.

पट्ट्या सुकेपर्यंत थांबणे भाग होते. तेवढ्यात एका परिचिताचे वाक्य आठवत राहिले: "तुमची भाषा मुळात वेगळीच ना?" तो स्वतः एका 'सुकाणू समिती'चा सदस्य आहे!

सुकाणू हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आला. नाखवा फारसी 'नाखुदा'वरून. बंदर आणि लंगर फारसीच. डोलकाठी आणि वल्हे मात्र इथले. एका होडीत हे सगळे शब्द एकत्र बसतात आणि कुणीच कुणाला जात-धर्म विचारत नाही.

हे शब्द कोकणात कसे आले असतील? सगळेच काही दिल्लीच्या फौजांबरोबर आले नाहीत. अल-मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला होता. तिथे सुमारे 10,000 मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले लोक आणि त्यांची इथेच जन्मलेली मुले. राज्य होते हिंदू राजाचे. त्याच शतकात अल-मुकद्दसीने तांबड्या समुद्रातले जहाज वर्णिले आहे: खडक दिसताच उंचावरून ओरडून इशारा दिला जातो आणि सुकाणूवरचा माणूस दोरखंड ओढून सुकाणू फिरवतो. छोट्या होडीत तेच काम एक दांडा करतो. दांडा डावीकडे लोटला की होडी उजवीकडे वळते.

1679 साली खांदेरीच्या लढाईत शिवाजी महाराजांच्या आरमाराचे नेतृत्व मायनाक भंडारी आणि दौलतखान करत होते. समोर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी. दौलतखान मुसलमान, सिद्दीही मुसलमान. त्या लढाईला हिंदू-मुसलमानांची लढाई म्हणायचे तर दौलतखानाला कुठल्या बाजूला बसवणार?

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचीही काळजी आहे. साग वगैरे लागेल तेवढा परवानगीने तोडावा, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड जीर्ण झालेच असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे.

शिकंजे सोडले, दांडा रंध्याने उतरवला, तेल पाजले. भोकाच्या आतल्या बाजूलाही या वेळी तेल नीट मुरवले, कारण कुजायला सुरुवात तिथूनच होते. चाचांनी दांडा हातात तोलून पाहिला आणि विचारले, "किती पट्ट्या आहेत यात?"

"सात."

"दिसत नाहीत," ते म्हणाले आणि होडीकडे निघाले.