ॲबर्डीन ते सिएटल : ‘निर्वाणा’चा उदय

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिक किनाऱ्यालगत वसलेले ॲबर्डीन हे लाकूडतोडीवर आणि आरागिरण्यांवर जगणारे गाव होते, आणि १९८० च्या दशकात तो धंदा मंदावल्यावर तेथील तरुणांपुढे बेकारीखेरीज फारसे काही उरले नाही. या गावात १९६७ साली जन्मलेला कर्ट कोबेन आणि त्याचा मित्र क्रिस्ट नोव्होसेलिच यांनी १९८७ मध्ये उभा केलेला ‘निर्वाणा’ हा रॉक बँड जगभर गाजला, तो एका प्रतिभावंताचा चमत्कार म्हणून. परंतु ज्या लहानसहान संस्थांनी त्याला तिथवर पोहोचवले, त्यांच्यावर या मांडणीने अन्याय होतो.

शेजारच्या माँटेसानोतील ‘मेल्व्हिन्स’ या बँडने या दोघांना पंक संगीताची, म्हणजे मोजके स्वर आणि कर्कश गिटार यांवर उभ्या असलेल्या बंडखोर शैलीची, गोडी लावली. ऑलिंपिया शहरातील एव्हरग्रीन स्टेट कॉलेजच्या रेडिओ केंद्राने १९८७ मध्येच त्यांचे वादन प्रसारित केले. सिएटलच्या ‘सब पॉप’ या स्वतंत्र, म्हणजे बड्या कंपन्यांच्या छत्राबाहेर राहून ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने १९८८ मध्ये त्यांची पहिली तबकडी काढली, तीही हाताने क्रमांक घातलेल्या अवघ्या १,००० प्रतींची. पुढच्या वर्षी आलेल्या ‘ब्लीच’ या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट होता. तो जेसन एव्हरमन या गिटारवादकाने सोसला आणि एकही सूर न वाजवता त्याचे नाव श्रेयनामावलीत आले. पैशांची चणचण किती होती, हे सांगणारा याहून बोलका पुरावा नाही.

ड्रमवादक डेव्ह ग्रोल १९९० मध्ये बँडमध्ये आल्यानंतर ‘डीजीसी’ या बड्या कंपनीने २४ सप्टेंबर १९९१ रोजी ‘नेव्हरमाइंड’ बाजारात आणला, तेव्हा अमेरिकेतील दुकानांत सुमारे ४६,००० प्रतीच धाडल्या होत्या. एमटीव्ही वाहिनीने त्यातील पहिल्या गाण्याची चित्रफीत पुन्हापुन्हा दाखवली. शिवाय त्याच वर्षी मे महिन्यापासून ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाची अल्बमची क्रमवारी दुकानदारांच्या तोंडी अंदाजांऐवजी प्रत्यक्ष विक्रीच्या बारकोड-नोंदींवरून ठरू लागली होती, त्यामुळे तरुण श्रोत्यांची खरेदी प्रथमच नेमकी मोजली गेली. जानेवारी १९९२ मध्ये या अल्बमने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला.

कोबेनच्या मृत्यूने १९९४ मध्ये बँड संपला. ‘ब्लीच’ मात्र आजही ‘सब पॉप’चा सर्वाधिक खपलेला अल्बम आहे.