टाळीमागचे दुःख

माणसाचे मन का खचते, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या नशिबात शोधले जाते. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेले आम्ही ते त्याच्या भाकरीत शोधतो. ज्याचे काम जाते त्याची आधी झोप जाते आणि मागाहून धीर सुटतो, हे आम्ही अनेक घरांतून पाहिले आहे. दौंडच्या फलाटावर वा शिरूरच्या बाजारात टाळी वाजवून पैसे मागणाऱ्या तृतीयपंथीयांकडेही याच दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते.

ही टाळी मुळात लाचारीची नव्हे. पेशवाईत आपल्या मुलखातील काही हिजड्यांना गावोगाव भिक्षा मागण्याचा राजमान्य हक्क होता. काहींकडे जमीन, काहींना रोख नेमणूक असे. गुरूमागून तो हक्क चेल्याकडे जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने असे हक्क पुढे चालविण्याचे नाकारले. हक्क गेला, मागणे तेवढे उरले. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उत्तरेकडील प्रांतांत हिजड्यांची नोंदवही ठेवविली; नोंदलेल्याने स्त्रीवेषात रस्त्यावर नाचगाणे केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होती. मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता तेथे १९१९ मध्ये असाच कायदा झाला. तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला तो २०२३ मध्ये!

दौंडला आगगाडी आली १८५८ मध्ये आणि मनमाडचा फाटा १८७८ मध्ये सुरू झाला. गावचा हक्क गमावलेल्यास गाडीचा डबा मिळाला. पण डब्यात मागणे हाही रेल्वेच्या कायद्याने २०२३ पर्यंत गुन्हाच होता. म्हणजे पोटासाठी केलेली प्रत्येक गोष्ट भीतीखालची. अशा जिण्यात मन शाबूत राहावे कसे?

कोणी म्हणेल, हे दुःख त्यांच्या देहातच आहे. तसे असते तर ते सर्वांना सारखे असते. अमेरिकेत २०१५ मध्ये २७,७१५ तृतीयपंथीयांची पाहणी झाली. आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेले गोऱ्यांत शेकडा ३७, तर काळ्यांत ४७ निघाले. देहाचा प्रश्न एकच. मग हा फरक कोठून आला? काळ्या माणसाच्या पाठीवर वर्णाचे दुसरे ओझे होते. आपल्याकडे त्या ओझ्याचे नाव जात. दलित वा भटक्या घरातून बाहेर पडलेल्या तृतीयपंथीयास घर नाही, शिक्षण तुटलेले आणि वस्तीत जातही विचारली जाते. दोन अपमानांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

कायद्याने पाऊल टाकले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारात लिंग वा जात यांवरून भेद करण्यास मनाई केली, तर २०१९ च्या कायद्याने नोकरीतील भेदभावास. परंतु कागदावरचा हक्क आपल्या पायांनी चालत येत नाही, हे कामगारांइतके कोणास ठाऊक?

रांजणगाव आणि कुरकुंभ येथे आज कारखाने उभे आहेत. त्यांच्या फाटकातून तृतीयपंथी कामगार हजेरीसाठी आत जावा, युनियनने त्याची वर्गणी घ्यावी आणि त्याच्यावतीने भांडावे. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचे औषध लागेल त्यास जरूर मिळावे; पण ज्याला पगाराचा दिवस आहे आणि नावाने हाक मारणारा सोबती आहे, त्याचे मन सहजी मोडत नाही. ते औषध देणे आपल्या हाती आहे.